शिडाखालचें यंत्र

वाफेचें यंत्र आलें आणि शिडाचीं जहाजें गेलीं, असें नाविक इतिहासाचें एक सोपें सूत्र सर्वत्र सांगितलें जातें. पुस्तकाच्या एका पानावर पांढऱ्या शिडांचें चित्र असतें, दुसऱ्या पानावर काळ्या धुराचें. पान उलटलें कीं युग पालटलें. परंतु इतिहास असा पानापानानें चालत नाहीं. शिडें आणि यंत्र हीं एकाच जहाजावर, एकाच कप्तानाच्या हाताखालीं, कित्येक वर्षें एकत्र नांदलीं आहेत. अशा जहाजांनीं कोळसा, विटा आणि चिनी माती वाहिली, आणि त्यांच्या भाड्यावर किनाऱ्यावरचीं कुटुंबें पोसलीं गेलीं. तरीहि ह्या मधल्या काळाची आठवण ठेवण्याचे कष्ट फारसे कोणी घेतलेले नाहींत.

ह्या विस्मृतीचा पुरावा पाहावयाचा असल्यास तो छंदाच्या वस्तु विकणाऱ्या दुकानांत सांपडतो. लांकडी जहाजांच्या प्रतिकृति तयार करण्याचा छंद युरोपांत जुना आहे, आणि त्यासाठीं तयार सामानाच्या पेट्या मिळतात. पेटींत सांगाड्याच्या फळ्या असतात, अंगावर बसवावयाच्या पातळ पट्ट्या असतात, डोलकाठ्यांसाठीं गोल काठ्या, दोरखंडांसाठीं दोरा, शिडांसाठीं कापड आणि एक मोठा आराखडा असतो. पेटीच्या झांकणावर छापलेलें जहाज बहुधा भर वाऱ्यांत, सारीं शिडें फुगवून चाललेलें असतें. कांहीं थोडे कारागीर मात्र अशी एखादी जुनी, धूळ खात पडलेली पेटी उघडतात आणि तिच्यांतून शिडांचें जहाज न करतां इंजिन बसविलेलें मालवाहू जहाज करतात. प्रथमदर्शनीं हा एका सुंदर वस्तूचा अपमान वाटतो. वस्तुतः इतिहासाला अधिक धरून असलेली कृति हीच आहे. कारण ह्या कारागिरांच्या पुष्कळ आधीं खऱ्या जहाजांच्या मालकांनीं नेमकें हेंच केलें होतें.

त्यांनीं तें कां केलें, हें समजण्यासाठीं विसाव्या शतकाच्या आरंभींचा ब्रिटनचा पश्चिम किनारा डोळ्यांपुढें आणावा लागतो. एका बाजूस वेल्स, डेव्हन आणि कॉर्नवॉल, दुसऱ्या बाजूस आयर्लंड, आणि मध्यें मोठ्या भरती-ओहोटीचा समुद्र. ह्या किनाऱ्यावर लिव्हरपूल, कार्डिफ यांसारखीं मोठीं बंदरें होतीं. पण त्यांच्या आसपास अनेक लहान खाड्या होत्या. तेथें धक्का असला तरी तो आंखूड असे, आणि ओहोटीस पाणी निघून जाऊन तळाचा चिखल उघडा पडे. मोठी आगबोट तेथें जाऊं शकत नसे. स्कूनर नांवाचें दोन किंवा तीन डोलकाठ्यांचें जहाज मात्र भरतीबरोबर आंत शिरे, ओहोटीस चिखलावर टेंकून बसे, आणि घोड्यांच्या गाड्या त्याच्या कुशीला लागून माल उतरून नेत. ह्या जहाजांचें खरें भांडवल शिडांत नव्हतें; तें त्यांच्या उथळ, मजबूत, जमिनीवर टेंकूं शकणाऱ्या शरीरांत होतें.

परंतु ह्या शरीरास हलविणारा वारा कोणाचा चाकर नव्हता. भाडें टनावर मिळे, दिवसावर नव्हे. एक खेप चार दिवसांत पुरी झाली काय किंवा तीन आठवडे लागले काय, मालकाच्या हातीं पडणारी रक्कम तितकीच. प्रतिकूल वाऱ्यामुळें जहाजें एखाद्या आडोशाच्या जागीं दिवसचे दिवस नांगर टाकून पडत. खलाशी तेवढे दिवस जेवत, दोरखंड तेवढे दिवस झिजत, आणि पलीकडच्या गांवांतील कोळशाचा व्यापारी तेवढे दिवस वाट पाहत राही. बंदराच्या तोंडाशीं वारा पडला तर ओढून नेणाऱ्या आगबोटीस पैसे मोजावे लागत. वर्षाकाठीं दोन-चार खेपा अधिक झाल्या तर घर चाले. दोन-चार कमी झाल्या तर जहाज गहाण पडे. शिडांच्या सौंदर्यावर लिहिणाऱ्यांच्या हिशेबांत ही बाब क्वचितच येते.

मग अशा जहाजांत वाफेचें यंत्र कां बसविलें नाहीं? त्याचें उत्तर जागेंत आहे. वाफेला बॉयलर हवा, बॉयलरला कोळसा हवा, कोळसा घालावयास माणूस हवा. शंभर फूट लांबीच्या जहाजांत एवढें सारें मावविलें, तर मालाला जागा उरावयाची नाहीं. ह्या कोड्याचें उत्तर तेलाच्या इंजिनानें दिलें. हर्बर्ट अक्रॉइड स्टुअर्ट ह्या इंग्रज अभियंत्यानें १८९० मध्यें अशा एका इंजिनाचें पेटंट घेतलें, आणि पुढें त्या जातीचीं इंजिनें स्वीडनमधील बोलिंडर ह्या कारखान्यानें लहान जहाजांना सोसतील अशा स्वरूपांत बनविलीं. इंजिनाच्या डोक्यावर लोखंडाचा एक पोकळ गोळा असे. तो आधीं दिव्याच्या ज्वाळेनें लाल होईपर्यंत तापवावयाचा, मग जड चाकास हिसका द्यावयाचा. आंत शिरलेलें तेल त्या तप्त लोखंडावर पडून पेट घेई, आणि पुढें प्रत्येक स्फोटाच्या उष्णतेनें तो गोळा आपोआप तापलेला राही. ज्यांनीं प्रायमस स्टोव्ह आधीं तापवून मग पंप मारला आहे, त्यांना ह्या यंत्राचें मर्म निराळें सांगावयास नको.

ह्या इंजिनास विजेची ठिणगी लागत नसे, नाजूक भाग थोडे असत आणि हलक्या प्रतीचें तेलहि चाले. शिडें शिवणारा आणि दोर वळणारा खलाशीच थोड्या सवयीनें तें संभाळूं शके. १९१२ सालीं डेन्मार्कचें ‘सेलांडिया’ हें डिझेल इंजिनांवर चालणारें मोठें जहाज बँकॉकच्या सफरीस निघालें, तेव्हां जगाचे डोळे त्याच्याकडे लागले होते. त्याच काळांत युरोपाच्या लहान बंदरांत, कोणाचें फारसें लक्ष न जातां, जुन्या शिडाच्या जहाजांच्या मागच्या अंगास भोंक पाडून त्यांत पंख्याचा दांडा बसविण्याचें काम चाललें होतें. मोठी क्रांति जाहीरपणें झाली. लहान क्रांति चिखलांत, ओहोटीच्या वेळीं झाली.

ह्या लहान क्रांतीचीं दोन जहाजें इतिहासांत चांगलीं नोंदलेलीं आहेत. पहिलें ‘रिझल्ट’. तें उत्तर आयर्लंडमधील कॅरिकफर्गस येथें बांधलें गेलें आणि १८९३ सालीं पाण्यांत उतरलें. तीन डोलकाठ्या, आणि शरीर मात्र पोलादाचें. पुढें तें डेव्हनमधील ब्रॉन्टनच्या मालकांकडे गेलें आणि १९१४ मध्यें त्यांत ४५ अश्वशक्तीचें इंजिन बसविण्यांत आलें. पहिल्या महायुद्धांत आरमारानें तें ताब्यांत घेऊन त्यावर तोफा लपविल्या. निरुपद्रवी व्यापारी जहाज समजून शत्रूची पाणबुडी जवळ आली कीं तिच्यावर मारा करावयाचा, असा बेत होता. आणि १९१७ मध्यें उत्तर समुद्रांत तशी चकमक झालीहि. युद्ध संपल्यावर तोफा गेल्या आणि पुन्हा माल आला. १९६७ पर्यंत तें काम करीत होतें, आणि १९७० मध्यें अल्स्टरच्या लोकजीवन संग्रहालयानें तें विकत घेतलें.

दुसरें जहाज ‘कॅथलीन अँड मे’. तें उत्तर वेल्समधील कॉनाज की येथें, डी नदीच्या काठीं, फर्ग्युसन आणि बेअर्ड ह्यांच्या कारखान्यांत १९०० सालीं बांधलें गेलें. लांबी ९८ फूट, शरीर लांकडाचें, डोलकाठ्या तीन. कप्तान जॉन कोपॅक ह्याच्यासाठीं बांधलेल्या ह्या जहाजाचें मूळ नांव ‘लिझी मे’ असें होतें. १९०८ मध्यें आयर्लंडच्या यॉल बंदरांतील फ्लेमिंग नांवाच्या व्यापाऱ्यानें तें घेतलें आणि आपल्या मुलींच्या नांवांवरून त्याचें नवें नांव ठेविलें. ब्रिटनमधून कोळसा आणणें हा त्याचा मुख्य व्यवसाय झाला. १९३१ मध्यें तें डेव्हनमधील जुवेल घराण्याच्या मालकीचें झालें. जुवेल हे स्वतः दर्यावर्दी. त्यांनीं त्याच वर्षीं त्यांत ८० अश्वशक्तीचें इंजिन बसविलें. १९६० पर्यंत जहाज कमाई करीत राहिलें.

ह्या तारखांची बेरीज-वजाबाकी केली म्हणजे एक विलक्षण गोष्ट हातीं लागते. ‘कॅथलीन अँड मे’ केवळ शिडांवर चाललें तीं वर्षें ३१. इंजिनासह चाललें तीं २९. ‘रिझल्ट’ केवळ शिडांवर चाललें तीं वर्षें २१, आणि इंजिन आल्यानंतरचीं ५३. म्हणजे ज्यांना शिडाचीं जहाजें म्हणून लोक ओळखतात, त्यांतील एकाचें जवळ जवळ अर्धें आणि दुसऱ्याचें अर्ध्याहून पुष्कळ अधिक आयुष्य यंत्राच्या सोबतींत गेलें. त्यांच्या चरित्रांत इंजिन हा शेवटचा, केविलवाणा अध्याय नसून एक मुख्य अध्याय आहे.

इंजिन आलें म्हणजे जहाजाचें रूप कसें बदले, हेंहि पाहण्याजोगें आहे. प्रथम पंख्याला वाट करावी लागे. लांकडी जहाजाचा मागचा मुख्य खांब पोखरला तर सारें शरीर दुबळें होईल, ह्या भीतीनें पुष्कळदां पंख्याचा दांडा मधोमध न काढतां एका बाजूस काढीत. त्यामुळें जहाज किंचित् एकीकडे ओढलें जाई आणि सुकाणू धरणारा तें नकळत सांवरून घेई. इंजिन मागें बसे. तेथील निवाऱ्याची किंवा मालाची थोडी जागा त्यास द्यावी लागे. हळूहळू वरचीं आडवीं शिडें उतरत, डोलकाठ्यांचीं उंच टोंकें कापलीं जात, पुढें आलेली लांब काठी आंखूड होई. सुकाणूपाशीं उघड्यावर भिजणाऱ्या माणसासाठीं लांकडी खोली उभी राही. उरलेल्या डोलकाठ्या माल उचलण्याच्या कामास येत. खालचीं शिडें मात्र ठेवीत. कारण ती वारा अनुकूल असतां तेल वांचवीत, लाटांवर जहाजाचें हेलकावणें कमी करीत, आणि इंजिन बंद पडलें तर घरीं आणीत.

ह्या सौद्याची एक बाजू अशी. दुसरी बाजू माणसांची. ज्या जहाजावर पूर्वीं पांच-सहा माणसें लागत, तेथें आतां तीन-चार पुरूं लागलीं. वर चढून शिडें आवरणारा तरुण खलाशी नकोसा झाला. दोर, गांठ, कापड, वाऱ्याचा वास आणि ढगांचा रंग ह्यांविषयींचें जें ज्ञान बापाकडून मुलाकडे जात असे, तें वापरण्याचे प्रसंग कमी झाले. आणि जें ज्ञान वापरलें जात नाहीं तें पुढच्या पिढीस दिलें जात नाहीं. उलट ज्या मालकांनीं इंजिन घेतलें नाहीं, त्यांच्यापैकीं बहुतेकांचीं जहाजें खाडींच्या कांठीं कुजत पडलीं आणि त्यांवरच्या सर्वच माणसांचें काम गेलें. तेव्हां शिडें कीं यंत्र असा प्रश्न त्या खलाशांपुढें नव्हताच. अर्धीं माणसें ठेवून जहाज चालवावयाचें कीं सगळ्यांनींच घरीं बसावयाचें, असा तो प्रश्न होता.

यंत्रानें दिलेलें हें आयुष्यहि अमर्याद नव्हतें. १९३० नंतर हॉलंडमध्यें बांधलेलीं पोलादी मोटर-जहाजें ह्या व्यापारांत शिरलीं. तीं मुळांतच इंजिनासाठीं आंखलेलीं होतीं. त्यांत माल भरणें-उतरणें सोपें होतें आणि माणसें थोडीं लागत. रस्त्यावर मोटार लॉरी आली, आणि ज्या लहान गांवास समुद्रावांचून दुसरी वाट नव्हती त्यास ती मिळाली. दुसऱ्या महायुद्धानें जहाजांची टंचाई केली म्हणून जुन्या स्कूनरांना कांहीं वर्षें काम मिळालें. नंतर एकेक करून तीं थांबलीं. बेसिल ग्रीनहिल ह्या इतिहासकारानें व्यापारी स्कूनरांवरील आपला दोन भागांचा ग्रंथ १९५१ आणि १९५७ सालीं प्रसिद्ध केला, तेव्हां तो व्यवसाय जवळ जवळ डोळ्यांदेखत संपत होता.

आतां पुन्हा त्या पेटीकडे वळावें. जुनी पेटी उघडणाऱ्या कारागिराचें काम पाहिलें तर त्यांत हा सारा इतिहास लहान प्रमाणांत पुन्हा घडतो. वाळून कडक झालेल्या पट्ट्या तो कोमट पाण्यांत भिजवून वांकवितो. जहाजाच्या शरीरास तो हात लावीत नाहीं. कारण मालकांनींहि तें बदललें नव्हतें. बदल होतो तो मागच्या टोंकास आणि वरच्या भागांत. आराखड्यांतील निम्मे दोर गळून पडतात. दोराऐवजीं धूर सोडणारी नळी येते, रिकाम्या जागीं खोली येते, पंख्यासाठीं बारीक भोंक पडतें. तें भोंक मधोमध पाडावयाचें कीं बाजूस, हें ठरवितांना त्यास जुनीं छायाचित्रें तपासावीं लागतात, आणि छायाचित्रें तपासतांना तो नकळत इतिहासकार होतो.

प्रतिकृति पाण्यांत चालवावयाची असेल तर एक गणितहि त्याच्यापुढें उभें राहतें. पाव इंचास एक फूट, म्हणजे एकास ४८, हें प्रमाण घेतलें तर ९८ फुटांचें जहाज सुमारें दोन फुटांचें होतें. लांबी ४८ पट घटते. पण शिडांचें क्षेत्रफळ ४८ गुणिलें ४८, म्हणजे २,३०४ पट घटतें, आणि वजन तर १,१०,५९२ पट घटतें. वारा मात्र लहान होत नाहीं. तो खऱ्या जहाजावर वाहतो तसाच ह्या खेळण्यावर वाहतो. म्हणून वजनाच्या मानानें प्रतिकृतीस वाऱ्याचा जोर ४८ पट लागतो आणि खालीं शिशाचा भारी कणा जोडल्यावांचून ती उलथते. आंत विजेची लहान मोटर ठेविली तर ही अडचण सरते, आणि तिची बॅटरी जहाजाच्या पोटांत, जेथें पूर्वीं कोळसा असे तेथेंच, खालीं बसते. वारा हुकमांत राहत नाहीं म्हणून यंत्राचा आसरा घेणें, हा कप्तानाचा अनुभव कारागिरास तळ्याच्या कांठीं येतो.

मोठ्या माणसांनीं मोठ्या जहाजांच्या बाबतींत मात्र वेगळा निर्णय घेतला. ‘कॅथलीन अँड मे’ १९७० मध्यें मेरिटाइम ट्रस्ट ह्या संस्थेनें जतनासाठीं घेतलें. दुरुस्तींत त्याला पुन्हा उंच डोलकाठ्या आणि वरचीं आडवीं शिडें देण्यांत आलीं. म्हणजे तें मूळच्या रूपाकडे नेण्यांत आलें. हें करणाऱ्यांची निष्ठा निःसंशय आहे. त्यांच्या श्रमांवांचून आज हें जहाज उरलें नसतें. आणि लोक पैसे देतात ते शिडें पाहण्यासाठीं, धुराची नळी पाहण्यासाठीं नव्हे, हेंहि खरें. तथापि मूळ रूप म्हणजे काय, हा प्रश्न राहतोच. बांधणाऱ्यानें पाण्यांत सोडलें तें रूप खरें, कीं ज्या रूपांत तें वर्षानुवर्षें राबलें तें? १९३१ ते १९६० ह्या काळांत त्याच्यावर पोट भरलेल्या माणसांना शिडांचें हें नवें वैभव दाखविलें असतें, तर त्यांना आपलेंच जहाज क्षणभर ओळखूं आलें नसतें.

हा पेंच एकट्या ब्रिटनचा नव्हे. कोंकण, गोवें आणि कच्छ ह्या किनाऱ्यांवरील पत्तेमाऱ्या, मचवे आणि कोटिये ह्यांच्याहि आयुष्यांत, स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत, इंजिन शिरलें. कौलें, मीठ आणि लांकूड वाहणाऱ्या ह्या गलबतांच्या तांडेलांनीं तोच हिशेब केला. वाऱ्यासाठीं थांबणें परवडेना, आणि जुनें गलबत टाकून नवें पोलादी जहाज घेणें त्याहून परवडेना. पुढें कायद्यालाहि ह्या मिश्र जातीस नांव द्यावें लागलें. १९५८ च्या भारतीय व्यापारी जहाजांच्या कायद्यांत शिडाच्या जहाजाची व्याख्या अशी केली होती कीं, केवळ शिडांवर प्रवास करण्याइतकीं शिडें ज्यास आहेत तें शिडाचें जहाज. मग त्यांत यंत्र असो वा नसो. कायदा रुक्ष असतो, पण येथें त्याची दृष्टि स्वच्छ होती. यंत्र बसविल्यानें जहाजाची जात लगेच बदलत नाहीं, हें त्यानें मान्य केलें.

जें कायद्यानें मान्य केलें तें स्मृतीनेंहि मान्य करावयास हरकत नसावी. बदल झालेली वस्तु ती भ्रष्ट झालेली वस्तु, असें मानण्याची एक संवय असते. वाडा पडक्या स्थितींत असला तर तो ऐतिहासिक, आणि त्यांत कोणी विजेचे दिवे लावून राहूं लागला तर तो बिघडला, असें म्हणणाऱ्यांची हीच संवय आहे. परंतु वापरांत असलेली वस्तु बदलतेच. न बदलणारी वस्तु बहुधा कोणाच्या उपयोगाची उरलेली नसते. ‘रिझल्ट’ आणि ‘कॅथलीन अँड मे’ हीं आज पाहावयास मिळतात, ह्याचें कारणच तीं बदललीं हें आहे. त्यांच्या बरोबरीचीं, शेवटपर्यंत शुद्ध राहिलेलीं, कितीतरी जहाजें खाडींच्या चिखलांत बरगड्या उघड्या टाकून नाहींशीं झालीं.

म्हणून जुन्या पेटींतून इंजिनाचें मालवाहू जहाज करणारा कारागीर कांहीं मोडतो असें म्हणतां येत नाहीं. त्याच्या हातून तयार झालेलें जहाज झांकणावरील चित्रापेक्षां कमी देखणें असेल. त्याच्या डोलकाठ्या खुंटलेल्या असतील, कुशीवर कोळशाचे डाग रंगविलेले असतील, सुकाणूपाशीं फळ्यांची ओबडधोबड खोली असेल. पण त्या खोलींत पावसांत न भिजतां उभ्या राहणाऱ्या एका माणसाची जागा आहे, आणि पूर्वीं ज्या माणसांना वर शिडांवर चढावें लागे आणि पुढें ज्यांना कामच उरलें नाहीं, त्यांची रिकामी जागाहि आहे. तीं दोन्ही पेटीच्या झांकणावरील चित्रांत कोठेंहि दिसत नाहींत.